दात का आंबतात?

गाभुळलेल्या चिंचेची चार बोटकं मीठ लावून खाल्ली की पुढचा भाकरीचा घास दातांना सोसत नाही. दात एकमेकांवर घासले तर खरखरीत लागतात, गार पाण्यानं कळ येते. ‘दात आंबले’ असं आपण म्हणतो, सकाळपर्यंत ते उतरतं आणि विषय संपतो. पुढे कधी दाढ ठणकायला लागून दवाखान्यात जायची वेळ आली की तोच विषय प्रश्न होऊन समोर येतो. आंबट खाल्ल्यानं दात झिजतात का? आणि झिजत असतील, तर आमच्या आजीनं जन्मभर आंबट वरण आणि अंबाडीची भाजी खाल्ली, तिचे दात कसे टिकले?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकच आहे. आंबट किती खाल्लं, यापेक्षा ते दातांवर किती वेळ राहिलं आणि दिवसातून किती वेळा आलं, याला जास्त महत्त्व आहे. हे एकदा कळलं की दाढ कशानं भरावी आणि भरलेली दाढ दोन वर्षांत पुन्हा का दुखते, याचाही उलगडा होतो. नांदेड-लातूरकडच्या ताटात, शेतात आणि पाण्यात या गोष्टीचे सगळे धागे सापडतात, म्हणून हे प्रकरण तिथूनच सांगतो.

१. वरचा थर

दाताचा जो पांढरा, चकचकीत भाग दिसतो त्याला दंतवल्क म्हणतात. दवाखान्यात सर्रास ‘इनॅमल’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. वजनानं त्याचा ९६ टक्के भाग निव्वळ खनिज आहे, उरलेलं थोडं पाणी आणि थोडी प्रथिनं. हे खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं बनलेलं असतं. दाढेच्या टोकांवर हा थर जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर जाड असतो आणि हिरडीकडे येता येता कागदाइतका पातळ होतो.

त्याच्या खाली डेंटिन असतं. ते जरा पिवळसर आणि बरंच मऊ. त्यात आतल्या नसेपर्यंत जाणाऱ्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात. गार, गोड, आंबट काहीही या नळ्यांच्या तोंडाशी पोचलं की आतला द्रव हलतो आणि कळ येते.

इनॅमल जिवंत नसतं, ही यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. हाड मोडलं तर सांधतं, कातडी कापली तर भरून येते, कारण तिथे काम करणाऱ्या पेशी हयात असतात. इनॅमल घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत आपलं काम आटोपून नाहीशा झालेल्या असतात. म्हणून एकदा झिजून गेलेलं इनॅमल परत येत नाही.

आम्ल आणि इनॅमल यांचा संबंध समजायला लातूर-नांदेडच्या कुठल्याही जुन्या घरातली शहाबादी फरशी बघावी. ती चुनखडीची, म्हणजे कॅल्शियमचीच. बाथरूम धुवायचं ॲसिड तिच्यावर सांडलं तर फेस येऊन खड्डा पडतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसतं लिंबू पिळताना चार थेंब पडले आणि तसेच राहिले, तरी तेवढ्या जागेची चकाकी जाते. ते लगेच पुसलं तर काही होत नाही. रोज त्याच जागी लिंबू सांडलं आणि वर घासणीनं घासलं, तर काही वर्षांत तिथे खोलगट डाग तयार होतो. दाताचंही असंच होतं. दातावर फेस मात्र येत नाही. झीज निमूटपणे होते, म्हणून ती उशिरा कळते.

२. सामू किती?

आंबटपणा मोजायचं माप शेतकऱ्यांच्या ओळखीचं आहे. माती परीक्षणाच्या कागदावर ‘सामू’ लिहिलेला असतो, तोच हा. सात म्हणजे तटस्थ, सातच्या वर अल्कधर्मी, सातच्या खाली आम्लधर्मी. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ येतो. तोंडातल्या लाळेचा साधारण साडेसहा ते सात.

तोंडातला सामू साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर यायला लागतं. डेंटिन आणखी हळवं असतं. ते सहाच्या थोडं वरच विरघळू लागतं. म्हणून हिरड्या मागे सरकून ज्यांचं डेंटिन उघडं पडलेलं असतं, त्या वयस्कर माणसांना आंबट जास्त झोंबतं.

सामूच्या मापात एक खुबी आहे. प्रत्येक आकडा खाली उतरताना आम्लता दसपट वाढते. साडेपाच ही दाताची सीमा धरली, तर साडेचार म्हणजे दसपट, साडेतीन म्हणजे शंभरपट आणि अडीच म्हणजे हजारपट आम्ल. लिंबाच्या रसाचा सामू अडीचच्या आसपास असतो. कोलाचाही जवळपास तेवढाच, फक्त भरपूर साखरेमुळे तो जिभेला तितका आंबट लागत नाही. चिंचेचा कोळही तीनच्या आगेमागे असतो. तेव्हा दात आंबण्याची जी भावना आहे, ती खरी आहे. आम्लानं दातांवरचं प्रथिनांचं बुळबुळीत अस्तर निघून जातं, इनॅमलचा पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो आणि हिरडीजवळच्या नळ्यांची तोंडं उघडतात. आयुर्वेदानं आम्ल रसाचं लक्षण सांगताना दंतहर्षाचा उल्लेख केला आहे, तो याच अनुभवाचा.

३. आजीचे दात कसे टिकले

मराठवाड्याच्या जेवणात आंबटाची कमी नाही. लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चिंचेत मुख्यतः टार्टरिक आम्ल असतं. नांदेडकडे, तेलंगणाच्या शेजारामुळे, अंबाडी जास्त. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी ओतलेली. आणि रब्बीत सगळीकडे हरभरा.

हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते. त्या लवेच्या टोकांतून आम्लाचे थेंब पाझरतात, त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. हीच हरभऱ्याची आंब. हिवाळ्यात पहाटे दव पडलेलं असताना धुतलेलं पांढरं फडकं हरभऱ्यावरून फिरवायचं, पिळून बाटलीत भरायचं आणि पोटदुखीला, अजीर्णाला थेंब-थेंब पाण्यातून द्यायचं, ही रीत जुन्या लोकांना माहीत आहे. उभ्या हरभऱ्यातून रोज चाललं की चपलांचं कातडं खराब होतं, हेही त्यांना माहीत आहे. ढाळे उपटून तिथेच बांधावर बसून घाटे दातांनी सोलून खाल्ले की ओठ चुरचुरतात, दात आंबतात.

एवढं असूनही आजीच्या पिढीत आम्लामुळे दात झिजल्याच्या तक्रारी फारशा ऐकू येत नसत. एक तर हे सगळं आंबट जेवणात मिसळलेलं होतं. वरणात चिंच असते, पण तिच्यासोबत डाळ असते, भाकरी असते, चावणं असतं. चावलं की लाळ सुटते आणि लाळ हे दातांचं खरं संरक्षण आहे. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल पातळ करते, तिच्यातलं बायकार्बोनेट ते मारतं आणि तिच्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट इनॅमलच्या मऊ पडलेल्या भागात थोडंथोडं परत बसतं. निघून गेलेला थर ती आणू शकत नाही, पण नुकताच मऊ झालेला थर पुन्हा घट्ट करू शकते. त्यासाठी तिला वेळ लागतो. दोन जेवणांच्या मधे आजीच्या तोंडात काही जात नसे. लाळेला पाच-सहा तास मोकळे मिळत.

शिवाय जेवणाच्या शेवटी ताक असायचं. ताकाचा सामूही साडेचारच्या आसपास, म्हणजे सीमेच्या खालीच. तरी ताका-दह्यानं इनॅमल जवळजवळ विरघळत नाही, कारण त्यांच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट आधीच मुबलक असतं. आजूबाजूच्या द्रवात तीच द्रव्यं भरलेली असताना दातातून ती बाहेर पडत नाहीत. नुसत्या सामूवरून एखादा पदार्थ दातांना वाईट ठरवता येत नाही, हे ताकामुळे चांगलं लक्षात येतं. तोच साडेचारचा सामू सरबताचा असता तर गोष्ट वेगळी होती.

आंबटाला मात्र एक जोडीदार घातक आहे, तो म्हणजे घासणं. आम्लानं मऊ झालेल्या थरावर लगेच मिश्री, राखुंडी किंवा विटेची पूड बोटानं रगडली, तर लाळेनं दुरुस्त करण्याआधीच तो थर निघून जातो. ब्रशानंही तेच होतं. आंबट खाल्ल्यावर आधी पाण्यानं चूळ भरावी, ब्रश अर्ध्या-एक तासानं करावा.

४. कीड आणि झीज

इथे एक गल्लत दूर केली पाहिजे, कारण उपचार तिच्यावर ठरतो. किडलेला दात आणि झिजलेला दात हे दोन वेगळे रोग आहेत. दोन्हींत इनॅमल आम्लानंच जातं, पण आम्ल येतं कुठून, ते वेगळं.

दात किडतो तेव्हा आत अळी नसते. गावोगाव फिरून दाढेतून कीड काढून दाखवणारे जे लोक असत, ते हातचलाखी करत. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं १८९० साली मांडलं की दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. हा थर जिथे साचतो तिथेच कीड लागते: दाढांच्या खाचांत, दोन दातांच्या फटीत. म्हणून किडीची जागा काळपट, खोल आणि एका ठिकाणी असते.

झिजेत जिवाणूंचा संबंध नसतो. आम्ल थेट बाहेरून येतं, पेयातून किंवा फळातून, नाहीतर पोटातून वर येतं. ते सगळ्या दातावरून वाहतं, त्यामुळे झीज पसरट असते. दात उलट जास्तच गुळगुळीत दिसतो, खालचं डेंटिन डोकावल्यामुळे पिवळा वाटतो. पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसू लागतात, दाढांच्या टोकांवर बारीक वाटीसारखे खळगे पडतात. आणि एक खूण तर दंतवैद्य पहिल्या नजरेत ओळखतो. जुनी भरलेली चांदी दाढेच्या वर उचलून आल्यासारखी दिसते. चांदी जागची हललेली नसते. तिच्या भोवतालचा दात खाली गेलेला असतो.

५. रात्री नऊ ते साडेबारा

१९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या संशोधकानं माणसांना साखरेच्या पाण्याची चूळ भरायला लावून दातांवरच्या थराचा सामू मोजला. काही मिनिटांतच तो सीमेच्या खाली गेला आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागला. हा आकडा लक्षात ठेवून एक हिशेब करू.

लातूरला दरवर्षी हजारो मुलं अकरावी-बारावीसाठी, नीटच्या तयारीसाठी येतात, खोल्या घेऊन राहतात. समजा, त्यांतला एक मुलगा रात्री नऊला अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली उघडतो आणि अभ्यास करताना दर पंधरा मिनिटांनी एक घोट घेत बारापर्यंत पुरवतो. त्या बाटलीत आम्ल आहे, वर पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर आहे, म्हणजे दहा चमचे. प्रत्येक घोटाबरोबर सामू खाली जातो आणि वर यायला लागतो न लागतो तोच पुढचा घोट येतो. नऊपासून शेवटच्या घोटानंतरच्या अर्ध्या तासापर्यंत, साडेतीन तास, त्याचे दात सीमेच्या खालीच राहतात. मग तो ब्रश न करता झोपतो. झोपेत लाळ जवळजवळ बंद असते.

तीच बाटली त्यानं रात्रीच्या जेवणाबरोबर एका बैठकीत संपवली असती, तर दातांचा वाईट काळ अर्ध्या-एक तासात आटोपला असता. साखर तेवढीच, आम्ल तेवढंच, दातांवरचा परिणाम मात्र कितीतरी पटींनी वेगळा. साखर नसलेलं कोल्ड्रिंक घेतलं तर कीड टळते, झीज टळत नाही, कारण त्यातलं आम्ल तसंच असतं.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचाही यात हात आहे. पारा चाळिशीच्या वर असताना अंगातलं पाणी कमी होतं, तोंड कोरडं पडतं आणि नेमक्या त्याच वेळी लिंबू सोडा प्यायला जातो. कोरड्या तोंडात लाळेचं संरक्षण सर्वात दुबळं असतं. आधी साधं पाणी पिऊन मग सरबत घेतलं, तर एवढ्यानंही फरक पडतो. रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या, मानसिक आजारांच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं. दंतवैद्याला आपली औषधं सांगायची ती यासाठी.

६. पित्त

पोटातल्या आम्लाचा सामू एक ते दोन असतो, म्हणजे लिंबापेक्षाही तीव्र. ज्यांना रोज आंबट ढेकर येतात, पित्त उलटून पडतं, किंवा गरोदरपणात महिनोन्महिने उलट्या होतात, त्यांचे वरचे पुढचे दात टाळूकडच्या बाजूनं झिजतात. ही बाजू आरशात दिसत नाही, त्यामुळे कितीदा तरी पित्ताचा त्रास पहिल्यांदा दंतवैद्याच्याच लक्षात येतो. उलटी झाल्यावर पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून चूळ भरावी. ब्रश लगेच करू नये. पित्ताचा इलाज न करता नुसते दात भरत राहणं म्हणजे पैसा आणि दात दोन्ही घालवणं आहे.

७. किनवटचं पाणी

इनॅमल आम्लापुढे किती टिकेल हे फ्लोराइडवरही अवलंबून असतं आणि या बाबतीत नांदेड जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. लातूर जिल्हा काळ्या बेसाल्टवर बसला आहे. नांदेडच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, हा काळा पाषाण संपतो आणि त्याच्याखालचा फार जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः किनवट तालुक्यात, बोअरच्या पाण्यात खडकातून उतरलेलं फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आढळतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत.

थोडं फ्लोराइड इनॅमलच्या खनिजात शिरलं की ते खनिज जास्त चिवट होतं. साडेपाचला विरघळणारं ते साडेचारपर्यंत तग धरतं. जिवाणूंचं आम्ल फार खाली जात नाही, त्यामुळे किडीपासून फ्लोराइड उत्तम राखण करतं. टूथपेस्टमध्ये ते घालतात ते यासाठीच. पण चिंच, लिंबू, कोला यांचा सामू अडीच-तीन. तिथे साडेचारची ही भिंत पुरत नाही. फ्लोराइडची पेस्ट वापरतो म्हणून दिवसभर सोडा प्यायला हरकत नाही, हा समज चुकीचा आहे.

जास्त फ्लोराइड मात्र दात घडत असतानाच बिघडवतं. अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्ज गावात १९०१ साली फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे, हे कळायला १९३१ साल उजाडलं. साधारण आठ वर्षांपर्यंत मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं, तर दात डागाळलेले, खडबडीत निघतात. मोठेपणी त्या गावात राहायला गेलेल्या माणसाचे दात तसे होत नाहीत. म्हणून किनवटकडच्या गावांत लहान मुलांच्या पिण्याच्या पाण्याची सोय आधी व्हायला हवी. दात निघाल्यावर केलेल्या उपायांनी डाग झाकता येतात, घडण बदलता येत नाही.

८. दाढ कशानं भरतात

दवाखान्यात दोनच शब्द कानावर पडतात: चांदी आणि सिमेंट. प्रत्यक्षात पदार्थ तीन प्रकारचे आहेत आणि तिघांचं आम्लाशी वागणं निरनिराळं आहे.

चांदी म्हणजे अमाल्गम. तिच्यात वजनानं जवळपास निम्मा पारा असतो, बाकी चांदी, कथील, तांबं. शिकागोच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९५ साली हे प्रमाण बसवून दिलं आणि पुढची शंभर वर्षं जगभरच्या दाढा त्यानं भरल्या. चांदी मजबूत असते, ओलाव्याला दाद देत नाही, आम्लातही तिची झीज नगण्य. पण ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी म्हणून खड्डा आतून रुंद कोरावा लागतो, त्यात चांगला दातही जातो. झिजलेल्या दाताचा खळगा बशीसारखा उथळ असतो, तिथे ती बसतच नाही. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे २०१३च्या मिनामाता करारानं तिचा वापर कमी करायचं ठरलं. भारतानं २०१८ साली या कराराला मान्यता दिली. युरोपीय संघात तर २०२५च्या जानेवारीपासून काही अपवाद वगळता ती बंद आहे. जुनी, घट्ट बसलेली चांदी मात्र नुसत्या भीतीपोटी काढून घेऊ नये. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

दुसरं खरोखरीचं सिमेंट, ग्लास आयोनोमर. लंडनमधल्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते १९६९च्या सुमारास शोधलं. फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि एक सौम्य आम्ल छोट्या पट्टीवर घोटायचं, लोण्यासारखं झालं की भरायचं. काही मिनिटांत घट्ट होतं. ते दातातल्या कॅल्शियमला आपणहून चिकटतं आणि नंतर बराच काळ थोडंथोडं फ्लोराइड सोडत राहतं. तोंड थोडं ओलं असलं तरी चालतं, विजेची गरज नसते. १९८०च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकन यांनी नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून या सिमेंटनं दात भरायची पद्धत रुजवली. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती उचलून धरली. जिथे वीज आणि खुर्ची दोन्ही नाहीत, अशा तांड्यावरच्या किंवा शाळेतल्या शिबिरात अशी पद्धत फार उपयोगाची ठरते. पण हे सिमेंट चावण्याच्या दाबाला कमी पडतं आणि आम्लात स्वतः विरघळतं. त्या मघाच्या लातूरच्या मुलाच्या किंवा पित्ताच्या रुग्णाच्या दाढेत ते भरलं, तर काही महिन्यांतच खाली बसायला लागतं. दोष सिमेंटचा नसतो, चुकीच्या तोंडात ते भरल्याचा असतो.

तिसरं म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट, ज्याला बरेच रुग्ण सिमेंटच म्हणतात. राळेसारखं एक रसायन आणि त्यात काचेची अतिबारीक पूड. रे बोवेन या अमेरिकी संशोधकाला १९६२ साली त्याचं पेटंट मिळालं. निळ्या प्रकाशाचा झोत मारला की ते कडक होतं. दिसायला ते या तिघांत चांगलं आणि आम्लातही टिकतं. पण ते दाताला चिकटवायचं कसं, याचं उत्तर त्याच्या आधीच मिळालं होतं, आणि ते विलक्षण आहे: आम्लानंच.

रंग धातूवर नीट बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. ते पाहून मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ साली तेच आम्ल तीस सेकंद दातावर लावलं. आज वापरतात ते ३७ टक्क्यांच्या आसपास तीव्रतेचं, बहुधा निळ्या जेलच्या रूपात. डॉक्टर ते सुईतून इनॅमलच्या कडांवर सोडतात, पंधरा ते तीस सेकंद ठेवतात, पाण्याच्या फवाऱ्यानं धुतात, हवेनं सुकवतात. आता त्या जागेची चकाकी गेलेली असते, ती पांढरट, निस्तेज दिसते. तिथे सूक्ष्म छिद्रांची जाळी झालेली असते. तिच्यावर पातळ राळ लावली की ती छिद्रांत उतरते, प्रकाशानं घट्ट होते आणि कंपोझिट त्या मुळ्यांवर उभं राहतं. कोल्ड्रिंकमध्ये जे फॉस्फोरिक आम्ल वर्षानुवर्षं दात झिजवतं, तेच इथे अर्ध्या मिनिटाच्या मोजक्या वापरानं दात वाचवतं.

किनवटकडच्या डागाळलेल्या दातांवर या पायरीला जास्त वेळ द्यावा लागतो, कारण त्यांचं वरचं इनॅमल फ्लोराइडमुळे आम्लाला जुमानत नाही. नेहमीइतकाच वेळ आम्ल ठेवलं तर जाळी नीट होत नाही आणि भरलेलं लवकर निघून येतं.

कंपोझिटची दोन दुखणी आहेत. काम चालू असताना लाळेचा किंवा रक्ताचा थेंबही लागला तर ते चिकटत नाही. म्हणून डॉक्टर तोंडात रबराचा पडदा किंवा कापसाच्या गुंडाळ्या लावतात, त्याला कंटाळू नये. आणि ते घट्ट होताना किंचित आक्रसतं, त्यामुळे घाईनं एकदम भरलं तर कडेला फट राहते आणि त्या फटीतून कीड पुन्हा आत जाते. थरावर थर देऊन भरायला वेळ लागतो, त्या वेळेचेच पैसे असतात. खर्च परवडत नसेल तर लातूरला एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, नांदेडला रूरल डेंटल कॉलेज आहे. दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली ही कामं करतात.

९. भरण्याआधी

कुठलाही पदार्थ निवडला तरी तो उभा राहतो दाताच्या कडेवर. ती कडच आम्लात विरघळत राहिली, तर कंपोझिट शाबूत राहून भोवतालचा दात खाली जातो, सांध्यात अन्न अडकतं, मग कीड. दोन वर्षांत दाढ पुन्हा दुखली, याचा अर्थ डॉक्टरांनी हलक्या प्रतीचं भरलं असा बहुतेक वेळा नसतो. आम्ल चालूच राहिलेलं असतं.

म्हणून झिजलेल्या दातांचा रुग्ण आला तर चांगला दंतवैद्य लगेच भरायला घेत नाही. दुखणाऱ्या, उघड्या पडलेल्या जागा तात्पुरत्या झाकतो आणि चार दिवसांत काय-काय खाल्लं-प्यालं, किती वाजता, ते लिहून आणायला सांगतो. त्या कागदावर कारण सापडतं. कधी ते गाडीवर ठेवलेली लिंबू सरबताची बाटली असते, कधी दिवसभर तोंडात घोळणारी आंबट गोळी, कधी रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होण्यामुळे येणारं पित्त. सोबत दातांचा प्लास्टरचा साचा करून तो ठेवून देतो किंवा फोटो काढतो. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा साचा घेऊन दोन्ही शेजारी ठेवले की टोकांची उंची, खळग्यांची खोली ताडून पाहता येते. खळगे वाढलेले दिसले, तर खाण्यापिण्याचा किंवा पित्ताचा शोध पुन्हा करावा लागतो. दोन्ही साचे सारखे निघाले, तर कायमचं भरायला हरकत नाही.